मागे येणारी हिरवी पट्टी

सॉफ्टवेअर लिहिण्यापेक्षा ते दुसऱ्याच्या मशीनवर बसवणं अवघड असतं, हे पुण्यात नोकरी करताना मला कधी कळलं नाही. तिथे बसवणारी माणसं वेगळ्या मजल्यावर असायची आणि त्यांची तोंडं मला दिसत नसत. मध्य प्रदेशात बालाघाटला परत आलो, राइस मिलच्या धर्मकाट्यासाठी सॉफ्टवेअर लिहायला लागलो, आणि बसवणारं माणूस माझ्याच घरातलं निघालं. त्या माझ्या वहिनी.

धर्मकाटा म्हणजे ट्रक तोलायचा काटा. धानाचा ट्रक त्यावर चढला की वजन आपोआप संगणकात यावं आणि पावती निघावी, एवढंच माझ्या सॉफ्टवेअरचं काम. वहिनी आधी एका खासगी शाळेत शिकवायच्या. ती शाळा बंद पडल्यावर त्या स्कुटीवर पेन ड्राइव्ह घेऊन मिली फिरायला लागल्या. दादा मलाजखंडला तांब्याच्या खाणीवर ठेकेदाराकडे असतो, रविवारी घरी येतो. त्याला वाटायचं की वहिनींनी आता तिकडे क्वार्टरमध्ये येऊन राहावं. वहिनींना तिकडे जाऊन नुसतं बसून राहायचं नव्हतं. शेवटी दोघांत ठरलं की धानाचा हा एक हंगाम पाहायचा. काम जमलं तर ते वहिनींचं, नाही जमलं तर बॅग भरायची. मी मध्ये बोललो नाही, कारण बोललो असतो तर दोघांनी मिळून मलाच झापलं असतं.

इकडे नव्या हंगामाची सुरुवात मुहूर्तावर होते, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आम्ही मिलवाल्यांना म्हणायचो की सॉफ्टवेअर आठ दिवस आधी टाकून घ्या, तपासून घ्या. ते हसून मान डोलवायचे आणि मुहूर्ताच्या दिवशीच बोलवायचे. काट्याला हार, संगणकाला कुंकवाचं बोट, कीबोर्डवर फूल. शेठ, मुनीम, हमाल, पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर असे सगळे केबिनच्या दारात उभे, आणि मग इन्स्टॉलचं बटण दाबायचं. ते बटण म्हणजे हंगामाची बोहनी, मराठीतली भवानी. आम्ही बौद्ध. मुहूर्त पाहणं आमच्याकडे आजोबांच्याच पिढीत सुटलं. वहिनींना या सगळ्याची गंमत वाटायची. कीबोर्डवरचं फूल त्या हळूच बाजूला ठेवायच्या, कारण पाकळी अडकली की एन्टर दाबलं जात नाही.

रामपायलीच्या रस्त्यावरची एक मिल ही हंगामातली पहिली. मी घरी चहा पीत होतो. वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, ते हिरवी पट्टी अर्ध्यावर गेली अन् वापस याले लागली."

"काही मेसेज आला का?"

"इंग्रजीत काईतरी आला अन् गेला. पण इथं सगळे माह्याच हाताकडे पाहून राह्यले."

काम किती झालं ते दाखवणारी ती पट्टी मागे येते तेव्हा काय होतं, हे मला ठाऊक होतं. इन्स्टॉल करताना एखादं पाऊल फसलं की इन्स्टॉलर तोवर केलेलं सगळं पुसतो आणि मशीन होतं तसं करून ठेवतो. मला तर ते सभ्यपणाचं लक्षण वाटायचं. दारात उभ्या माणसांना मात्र दिसलं ते असं की नारळ फुटला, बाईने बटण दाबलं आणि हंगाम मागे फिरला. शेठ वहिनींना काही बोलले नाहीत. त्यांनी मला फोन केला, आवाज अगदी गोड. "भैया, बुरा मत मानना. मैडम का हाथ नहीं बैठा. दूसरे मुहूरत पर किसी और को भेज देना।" म्हणजे वहिनींच्या हाताला यश नाही.

मला राग लवकर येतो आणि तो नेहमी चुकीच्या वस्तूवर निघतो. त्या दिवशी तो उशीवर निघाला. वहिनी घरी आल्या, पाय धुतले, स्वयंपाकाला लागल्या. पोळ्या लाटताना म्हणाल्या, "हात तर धुतलेलाच होता." हसल्या, पण नेहमीसारख्या नाही.

फसलं काय होतं? नुसत्या फायली ठेवणं इन्स्टॉलरला येतं. त्यापलीकडची कामं, म्हणजे काट्याची वायर संगणकाच्या कोणत्या पोर्टला आहे ते शोधणं, मागच्या हंगामाची माहिती नव्यात आणणं, ही आपल्याला वेगळी लिहून द्यावी लागतात. ती प्रोग्रामिंगच्या कोणत्या भाषेत लिहायची हे आपण ठरवायचं. मी व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहिली होती, कारण तिच्यात ती पटकन होतात. दुसऱ्या दिवशी मी गावातल्या संगणक मेकॅनिककडे गेलो. आसपासच्या बहुतेक मिलींचे संगणक तोच सांभाळतो. कधीकाळी पेन ड्राइव्हमधून एक व्हायरस सगळीकडे पसरला होता. तो स्क्रिप्टवर चालायचा, म्हणून या भल्या माणसाने स्क्रिप्ट चालवणारा भागच सगळ्या मशीनांतून काढून टाकला होता. वर त्याला त्याचा अभिमान होता. मला त्याच्याशी भांडता आलं नाही. त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

मग मी सी शार्पकडे वळलो. पुण्यात मी तीच लिहायचो, हात बसलेला होता. दोन दुपारी सगळं नव्याने लिहून झालं. वारासिवनीजवळच्या दुसऱ्या मिलमध्ये मी मुद्दाम वहिनींबरोबर गेलो. पुन्हा हार, पुन्हा कुंकू. वहिनींनी पेन ड्राइव्ह लावला आणि खुर्चीवरून उठल्या.

"भाऊजी, बटन तुम्हीच दाबा."

"काहून?" मी विचारलं. घरातली बोली अशा वेळी आपोआप तोंडात येते.

"दाबा न. उगाच कायले विषाची परीक्षा."

मुहूर्ताची टिंगल करणारी बाई स्वतःचा हात ओढणीत लपवून मागे उभी होती. मी बटण दाबलं. पट्टी पुढे गेली, थांबली आणि मागे यायला लागली. सी शार्पला चालायला तिचा स्वतःचा मोठा पसारा मशीनवर आधीपासून असावा लागतो. या जुन्या मशीनवर तो नव्हता. तो उतरवून घ्यावा तर माहिती बाहेर जाईल या भीतीने काट्याच्या संगणकाला इंटरनेटच दिलेलं नव्हतं. हे मला नंतर कळलं. पण मला आजही आठवतं ते दुसरंच. त्या मिलचे मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कोई बात नहीं भैया, सिस्टम में कुछ होगा।"

माझा हात फसला तेव्हा दोष सिस्टमचा. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. परतताना मी स्कुटीवर मागे बसलो होतो. वैनगंगेचा पूल आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचे दादा रविवारी येतीन." बस, एवढंच. बॅग भरायची वेळ त्यांना दिसायला लागली होती.

त्यानंतर मी पहिल्यांदा नीट विचार केला. तोवर मी स्वतःलाच विचारत होतो की मला कोणती भाषा येते, कोणती लवकर होते. माझ्या खुर्चीत बसून हे प्रश्न बरोबरच होते. पण बटण दाबलं जाणार होतं भुशाने माखलेल्या केबिनमध्ये, माणसांच्या घोळक्यात, आणि जे फसेल ते दाबणाऱ्याच्या तोंडावर येणार होतं. तिथे विचारायचा प्रश्न एकच: जी भाषा निवडू, ती त्या मशीनकडे काय काय मागेल?

सी प्लस प्लस मला आवडत नाही. तिच्यात चूक इथे करावी आणि कोसळावं भलतीकडेच, आणि लिहिताना जीव नकोसा होतो. पण तिच्यात लिहिलेलं काम लागेल ते सगळं आपल्याच पोटात घेऊन जाऊ शकतं, अंथरूण-पांघरूण सोबत आणणाऱ्या पाहुण्यासारखं. यजमानाच्या घरात उशी आहे की नाही याने त्याला फरक पडत नाही. मी ती घेतली आणि शिव्या देत देत लिहिलं. लिहिताना आणखी एक कळलं, की यातली निम्मी कामं इन्स्टॉलच्या वेळी करायची गरजच नव्हती. काट्याचा पोर्ट नंतर, सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडल्यावरही शोधता येतो. तेव्हा तो सापडला नाही तर विचारता येतं, पट्टी मागे यायचं कारण नाही. जे ठेवलं ते इतकं थोडं होतं की आधी इतकं कशाला लिहिलं याची लाज वाटली.

मग पहिल्या मिलच्या शेठना मी फोन केला. वहिनीच येतील, म्हटलं, नाहीतर कुणीच नाही. त्यांनी आढेवेढे घेतले. पण ट्रक यायला लागले होते आणि मुनीम वजनं हाताने लिहून वैतागला होता. ते हो म्हणाले.

"मी येऊ का सोबत?" वहिनींना विचारलं.

"नाई. तुम्ही आलात तर पुन्हा तुमचाच हात होईन."

त्या गेल्या. मी अंगणात फेऱ्या मारत राहिलो. मुहूर्ताची वेळ टळून गेली तरी फोन नाही. मीच करावा तर ऐन वेळी वाजायचा. शेवटी स्कुटीचाच आवाज आला. वहिनी आत आल्या, ओढणी झटकली, कोंडा उडाला, आणि माठातलं पाणी घेऊन बसल्या.

"झालं," म्हणाल्या. "पट्टी सरळ गेली. दोन ट्रकाईच्या पावत्या निघाल्या, मंग निघाली मी."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "मग? आता तरी शेठ म्हणाले का, की तुमचा हात चांगला आहे?"

"माह्या हाताचा सवालच कुठं आला?" त्या पाणी पीत म्हणाल्या. "म्या दाबलंच नाही. म्हटलं, शेठजी, हंगाम आपका, बोहनी भी आपके हाथ से. त्यायलेच दाबाले लावलं."

एवढे दिवस मी भाषा बदलत बसलो होतो. "आणि पट्टी मागे आली असती तर?"

"तर सिस्टममध्ये काईतरी असतं," वहिनी म्हणाल्या, आणि यावेळी नेहमीसारख्या हसल्या.

रविवारी दादा आला. वहिनींनी त्याला जेवायला वाढलं आणि तो ताटावर असतानाच सांगितलं की सोमवारी बैहरला जायचं आहे, तिकडची मिल नवी आहे, स्कुटीत पेट्रोल भरून ठेवा.