चारमिनारच्या रुपयाची आंघोळ

नाणी जमवायला आम्हाला वर्षं लागली. किस्से मात्र न जमवताच जमत गेले. नाण्याला निदान डबा तरी लागतो, किस्स्याला तोही लागत नाही.

आम्ही तिघं. नळदुर्गात हायवेला दस्तगीरभाईंचं पंक्चरचं दुकान आहे, तिथं रविवारी सकाळी बसतो. दस्तगीरभाई, रिटायर झालेले गुरुजी आणि मी. गुरुजींचा नियम एकच: जुनं नाणं घासायचं नाही. घासलं की रंग जातो, अक्षरं झिजतात. आणि मी जन्मभर काय केलं? भांड्यांना कल्हई! दिसेल ते चमकवायचं, हाच धंदा.

*

पहिल्याच रविवारी मी एक ढबू पैसा चिंचेनं लख्ख करून नेला. वाटलं, शाबासकी मिळेल. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मामा, शंभर वर्षं लागली हो त्याला म्हातारं व्हायला! तुम्ही एका चिंचेत उरकलं!"

*

मग मी सुधारलो. पण दसऱ्याला आमच्या घरात माणूस सोडून सगळं धुऊन निघतं. हिला माझा डबा सापडला. गच्चीवर चादर, चादरीवर माझी सगळी नाणी, वाळत घातलेली!

"बघा, राजाचं तोंड कसं दिसाय लागलं," ही खुशीत.

गुरुजी आले, बघितलं, मटकन बसले. हिनं चहा दिला आणि मायेनं म्हणाली, "गुरुजी, तुमचा बी डबा द्या पाठवून. हातासरशी व्हतंय."

गुरुजी चहा तसाच ठेवून घरी गेले. कपाटाला कुलूप आहे का बघायला!

*

माकणीच्या एका शेतकऱ्याला नांगरताना मातीचा गोळा लागलेलं काहीतरी गोल सापडलं. गुरुजींनी फोनवर बजावलं, "हात लावू नका! नुसत्या पाण्यात भिजत ठेवा, माती आपोआप सुटेल."

पठ्ठ्यानं चार दिवस पाणी बदललं. पाचव्या दिवशी आणून दाखवलं. पंपाचा वायसर!

गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "पण घासला नाही, हे लई चांगलं केलं."

*

एकदा पंक्चर काढायला थांबलेल्या एका साहेबांनी खिशातून चकचकीत नाणं काढलं. "किती जुनं असेल हो?"

गुरुजी म्हणाले, "आंघोळीच्या आधीचं वय सांगू का नंतरचं?"

*

आणि दस्तगीरभाईंच्या अम्मांचा रुपया. अम्मा नव्वदीच्या. लग्नात त्यांच्या मियाँनी दिलेला निजामाचा चांदीचा रुपया, वर चारमिनार. पेटीत राहून राहून कोळशासारखा काळा झालेला. अम्मांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, आणि त्यांनी एकच धोशा लावला, "मेरा चारमिनार दिखाओ." रुपया दाखवला तर त्यावर काहीच दिसेना.

दस्तगीरभाईंनी रुपया आणून गुरुजींपुढं ठेवला. गुरुजींनी तो उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "मामा, करा." आणि तोंड फिरवून हायवेवरचे ट्रक बघत बसले.

मी रिठ्याचं पाणी केलं, मऊ राख घेतली. अंगठ्यानं हळूहळू घासलं. चारही मिनार उभे राहिले!

अम्मांनी रुपया बघितला, उलटा केला, परत दिला. "अच्छा है. पर ये मेरा नै. मेरा काला था."

आम्ही किती सांगितलं! ऐकेनात. दिवसभर पेटी उपसून काळा रुपया शोधायच्या. दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. दस्तगीरभाईंचं तोंड बघवेना.

मी गुरुजींना म्हणालो, "चांदी काळी करायचा इलाज हाय. उकडलेलं अंडं फोडून त्याच्यासंगं डब्यात झाकून ठेवायची. पण तुम्ही माळकरी."

गुरुजी उठले आणि चौकातल्या दुकानात गेले. दुकानदार त्यांचाच विद्यार्थी. "दोन अंडी," म्हटल्यावर त्याच्या हातातला तराजू तसाच राहिला.

"गुरुजी, तुम्ही?"

"पाहुणा आलाय," गुरुजी म्हणाले.

अंडी माझ्या घरी उकडली. सोलली मात्र गुरुजींनी, नाकाला रुमाल बांधून. दोन दिवस डबा झाकून ठेवला.

तिसऱ्या दिवशी अम्मांनी रुपया हातात घेतला. अंगठा फिरवला. वास घेतला. मग छातीशी धरून त्याच्यावरच रागावल्या, "कहाँ गया था रे इत्ते दिन?"

आम्ही दोघं खाली मान घालून उभे. गुरुजी हळूच म्हणाले,

"जेवायला गेलता, अम्मा."