निळ्या ड्रमातले गहू

इंदुबाईचं कुणाशी पटत नसे आणि पटावं अशी तिची इच्छाही नव्हती. बोईसरच्या कारखान्यांमागच्या त्या पत्र्याच्या चाळीत ती लग्न होऊन आली, तेव्हापासून नळावर, उकिरड्यावर, गिरणीत, जिथे म्हणून चार बायका जमतात तिथे तिचा आवाज सगळ्यांच्या वर. मूळची वैजापूरकडची. इथल्या माशाच्या वासावर, खाऱ्या हवेवर, घामावर तिचा पहिल्या दिवसापासून राग. पण तिचा खरा वैरी एकच होता, आणि तो म्हणजे बाजारभाव. त्याला तोंड नव्हतं, म्हणून ती जितेशच्या तोंडाशी भांडायची.

जितेश हा नाक्यावरचा वाणी, मूळचा चिंचणीचा. गावी नारळाची वाडी, इथे दुकान आणि दुकानाला लागूनच पिठाची गिरणी. माणूस गोड बोलायचा, म्हणून इंदुबाईला तो जास्तच डोळ्यात खुपायचा. डाळ वाढली की तो हसायचा, तेल वाढलं की हळहळायचा, आणि दोन्ही वेळा पैसे घ्यायचाच.

इंदुबाईचा नवरा पुंजाराम रसायनाच्या एका कंपनीत कंत्राटावर. पगार ठरलेला. दरवर्षी दिवाळीला कंत्राटदार म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. पुंजाराम मान हलवून घरी यायचा आणि इंदुबाई त्या पुढच्या वर्षाला शिव्या घालत स्वयंपाकाला लागायची. टोमॅटो महागला की चिंच. तूर महागली की आमटी इतकी पातळ, की वाटीच्या तळावरचं नाव वाचता यावं. चहाची पूड ती दोनदा उकळायची आणि पाहुणा आला तर तिसऱ्यांदा. बेटेगावच्या बाजाराला सगळ्यात शेवटी जायची, उरलीसुरली भाजी भाजीवालीशी हुज्जत घालून आणायची, आणि वर पिशवीत मूठभर मिरच्या हक्काने टाकून घ्यायची. पोटाला चिमटा घेणं तिला नवीन नव्हतं. पण चिमटा घ्यायलाही कातडी लागते, आणि ती आता उरली नव्हती.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर तेलाच्या पिशवीवरून ठिणगी पडली. किंमत तीच आणि तेल कमी. इंदुबाईनं पिशवी जितेशच्याच काट्यावर ठेवली आणि भर गिऱ्हाइकांत त्याचा उद्धार केला.

"मावशी, पिशवी कंपनीवाले भरतात, आमी नाय," जितेश शांतपणे म्हणाला. "तुमी आमच्यावर कशाला तापता? तुमच्या मालकांचा पगार वाढवून घ्या ना."

गिऱ्हाइकं हसली. त्यांत नवसीही होती. नवसी मागच्याच ओळीतल्या खोपटात राहायची, बांधकामावर पाट्या वाहायची, आणि नळावर इंदुबाईशी बादलीला बादली लावून भांडणारी चाळीतली एकमेव बाई तीच. ती हसली म्हणून इंदुबाईचं मस्तक फिरलं.

"वर्षभर तुह्या दुकानाची पायरी चढले तर नावाची इंदू न्हाई," ती सगळ्यांदेखत म्हणाली आणि पिशवी तिथेच टाकून निघाली. ते 'वर्षभर' तिला भोवणार होतं.

पण ती नुसतीच तोंडाळ नव्हती, जिद्दीचीही होती. मीठमिरची, तेल, साखर ती पार स्टेशनाजवळून पायपीट करून आणू लागली. राहिले गहू. तिच्या माहेरी सुगी झाली की वर्षाचे गहू भरून ठेवायची रीत. घरात भरलेली कोठी असली की भाव गेला खड्ड्यात. इथे येऊन ती रीत सुटली होती. दर आठवड्याला वाण्याकडून पाच किलो आणायचे आणि दर आठवड्याला जळायचं. आता तिनं ठरवलं. दिवाळीच्या बोनसला हात लावू दिला नाही. पुंजारामला शर्ट नाही, स्वतःला लुगडं नाही. चैत्रात भावाच्या शेतातले गहू त्याला रोख पैसे मोजून घेतले आणि मालवाहू गाडीतून मागवले. तीन पोती गहू दारात उतरले तेव्हा इंदुबाई उंबऱ्यात पदर खोचून उभी होती, आणि चाळीत कुणी बघायचं राहिलं नसेल याची तिनं खात्री करून घेतली.

कोठीचंच तेवढं नडलं. माहेरची पत्र्याची कोठी इथल्या खाऱ्या हवेनं कधीच खाऊन टाकली होती, बुडाला बोट जाईल एवढी भोकं. नवीन घ्यायची तर गव्हात वाचलेलं कोठीत जाणार. मग भंगारवाल्याकडून निळा ड्रम आणला. कारखान्यांतून रिकामे झालेले हे ड्रम बोईसरात कुठे नाहीत? दारोदारी पाणी त्यांतच भरतात, लग्नाच्या पंगतीला ताकसुद्धा त्यांतच घुसळतात.

"धान्याला नको तो," पुंजाराम म्हणाला. "आमी त्यात काय काय भरतो ते मला ठाव हाय."

"तुमाला एवढंच ठाव असतं तर कंत्राटावर राहिला नसता," इंदुबाई म्हणाली.

पुंजारामनं डबा उचलला आणि कामाला निघाला. त्याचं हे नेहमीचंच. इंदुबाईनं ड्रम सोड्यानं धुतला, राखेनं घासला, वैशाखाच्या उन्हात कितीतरी दिवस उलटा-सुलटा वाळवला. नाक आत घालून वास घेतला. वास नव्हता. एरंडेल चोळून गहू भरले, वर कडुलिंबाचा पाला घातला, झाकण ठोकून बसवलं, आणि स्टेशनाजवळून आणलेलं जुनं पोतं संपेपर्यंत त्याला हात लावला नाही. पत्र्याखाली खोली भट्टीसारखी तापत होती. ड्रम कोपऱ्यात मुकाट उभा होता.

आषाढात झाकण उघडलं. पाला काळा पडला होता, पण इंदुबाईनं आधी किडा शोधला. ओंजळीमागून ओंजळ उपसली. एकही किडा नाही. तिला इतका आनंद झाला की तिनं शेजारणीला बोलावून दाखवलं. चाळीत सगळ्यांच्या डब्यात पोरकिडे झाले होते आणि हिच्याकडे औषधालाही नव्हता.

पहिली पोळी तव्यावर फुगली आणि वास आला. इंदुबाईनं तो लगेच ओळखला. पुंजारामचे कंपनीतले कपडे ती वर्षानुवर्षं वेगळे धूत आली होती. भिजवले की बादलीतून हाच वास निघायचा, घशाशी चिकटणारा. तिनं पोळी तशीच वाढली. पुंजारामनं घास तोंडात घातला, चावला, बाहेर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"एकबी किडा न्हाई पडला," इंदुबाई म्हणाली.

"अगं, ज्या गव्हात किडा जगंना, ते आपण खायचे?"

इंदुबाईनं त्याच्यासमोर दोन पोळ्या खाल्ल्या. हट्टानं खाल्ल्या. जीभ बधिर झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणीही कडू लागलं. मग तिनं गहू धुतले, मिळेल त्या उघडिपीत दारासमोर पसरले, स्टेशनाजवळच्या गिरणीतून परत दळून आणले. वास दाण्याच्या आत शिरला होता. ती ड्रमाला लाथ मारून रडली, आणि रडताना कुणी पाहू नये म्हणून दार लावून घेतलं. नवऱ्याचा शर्ट, तिचं लुगडं, दिवाळीचा फराळ, सगळं त्या ड्रमात कुजलं होतं. जितेश हसेल हे वेगळंच.

आणि तिथेच तिला ती गोष्ट सुचली. गहू त्याच्याच गळ्यात मारायचे. इतकी वर्षं त्यानं लुबाडलं ना? मग आता फिटंफाट. पैसे परत येतील, निदान काही तरी. दुपारी पुंजाराम कामावर गेल्यावर तिनं गहू पुन्हा पोत्यांत भरले, भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली आणि गल्लीभर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ढकलत नेली. पायरी चढताना कान तापले, पण चढली.

"गहू जास्त झालेत," ती म्हणाली. "घेतो का?"

जितेशनं पोत्यात हात घातला, दाणे तळव्यावर चोळले, नाकाशी नेले. क्षणभर तिच्याकडे पाहिलं. इंदुबाईनं भांडणाची तयारी ठेवली होती. पण तो भांडला नाही.

"ड्रमात ठेवलं होतंत ना, मावशी? अर्ध्या भावात घेतो."

"वास येतो तरी?"

"सुट्या पिठात मिसळून जाईल. दुसऱ्या गव्हात थोडं थोडं घातलं की कोणाला कळतंय? सुटं पीठ घेणारे काय वास घेत बसतात?" त्यानं गल्ल्यातून नोटा काढून फळीवर ठेवल्या.

अर्धा भाव. इंदुबाईच्या अपेक्षेपेक्षा जास्तच होता. तिनं नोटांवर हात ठेवला, आणि मागून नवसीचा आवाज आला.

"का गं, तू त ही पायरी चडनार नव्हतीस?"

कामावरून परस्पर आली होती, केसांत सिमेंट. पदराचा झोळ करून तिनं तो पिठासाठी पुढे केला. जितेश म्हणाला, "आज थोडंच ने. उद्या नवा माल दळतो, तुला सस्त्यात देईन."

"मंग उद्या जास्त नेन," नवसी म्हणाली. मग इंदुबाईकडे बघून हसली. "हिची कोठी रिकामी झाली काय? लय मिरवत होती."

इंदुबाईला तिचा असा राग आला की वाटलं, खाऊ दे हिला, खाऊन मरू दे. हा विचार मनात आला, तिनं तो ऐकला, आणि तिच्या जिभेवर त्या दोन पोळ्यांची चव आली. गहू परत घरी न्यावेत तर दोन दिवसांनी आपणच ते पुन्हा इथे घेऊन येऊ, हेही तिला स्वतःविषयी पक्कं ठाऊक होतं. तिनं नोटांवरचा हात काढला.

"तो फिनेलचा कॅन दे. मोठा."

"फिनेल? काय करता?"

"संडास धुते. दे."

सिलिंडरसाठी कमरेच्या पिशवीत ठेवलेले पैसे तिनं मोजून फळीवर टाकले, कॅनचं बूच दातांनी काढलं, आणि तिन्ही पोत्यांच्या तोंडात फिनेल ओतलं. कॅन रिकामा होईपर्यंत ओतलं.

जितेश फळीवरून उडी मारून आला. "वेडी हाय काय ही बाई? अवो, मी पैसे देत होतो ना!"

"तुहे पैसे तुह्यापाशी."

"उचला हे. आत्ताच्या आत्ता माझ्या दारातून उचला."

इंदुबाईनं पोती एकटीनं ओढत हातगाडीवर घातली. कुणी हात लावला नाही. गाडी कचऱ्याच्या ढिगापर्यंत ढकलत नेली आणि भावाच्या शेतातले गहू तिथे उलटे केले. गाय आली, वास घेतला आणि मागे फिरली.

संध्याकाळी पाहिलं तर पुंजारामच्या दुसऱ्या दिवशीच्या डब्याला पीठ नव्हतं. इंदुबाईनं तोंड धुतलं आणि पुन्हा तीच पायरी चढली. दुकानात गर्दी होती, आणि गर्दी तिच्यासाठी बाजूला झाली, ते तिला जास्त लागलं.

"पीठ दे. सुटं नको, पाकिटातलं."

"पाकिटाचं महाग हाय, मावशी."

"मी विचारलं का?"

तिनं पाकीट सवयीनं काट्यावर ठेवलं. कमी भरलं. तिनं तोंड उघडलं, आणि जितेशनं पाकिटाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे कमी झालेलं वजन बारीक अक्षरांत छापलेलंच होतं. इंदुबाईनं पैसे दिले. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या दुकानातून न भांडता उतरली.

खाली नवसी उभी होती. "माझं उद्याचं सस्तं पीठ घालवलंस," ती म्हणाली. "तुझं काय खाल्लं होतं गं मी? सोता खात नाय, दुसऱ्याला खाऊ देत नाय. तुझी जीभ झडो."

सांगायचं तर एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग आपण तिला काय चारायला निघालो होतो तेही सांगावं लागलं असतं. इंदुबाई पाकीट छातीशी धरून घरी गेली.

सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा नवसी आधीच हजर होती, धडधाकट, बादली पुढे सरकवून, तोंडानं कालच्या शिव्या चालूच. इंदुबाईनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. मग तिची बादली पायानं मागे सारली आणि आपली नळाखाली लावली.