मालनसाठी पुढची सीट

कोपरीच्या मारुती परबाने उभी हयात ठाण्यातल्या एका कारखानदाराची गाडी चालवली, आणि त्या गाडीत त्याची बायको फक्त एकदा बसली. तापाने मालनला उभं राहवेना, म्हणून त्याने तिला पुढच्या सीटवर बसवून दवाखान्यात पोचवलं. दुसऱ्या दिवशी साहेब गाडीत बसले आणि नाक मुरडून म्हणाले, "खोबरेल तेलाचा वास येतोय." एवढंच. ओरडले असते तर परवडलं असतं. मारुतीने सीट साबणाने घासून काढली आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगून बसला. गाढवपणाच केला. मालन त्यानंतर कुणाच्याच गाडीत पुढे बसली नाही.

तेव्हापासून मारुतीच्या मनाने एकच घेतलं होतं. मालनला शेजारी बसवून गाडी आपण गावात न्यायची. गाडी कुणाची का असेना, साहेबाची नको.

नोकरी सुटल्यावर तशी वेळ आली. वर्तकनगरला फ्लॅट घेऊन राहिलेला मुलगा विनीत म्हणाला, "यंदा जत्रेला विमानाने जाऊ. तिकडे उतरून गाडी भाड्याने घेऊ, ड्रायव्हर नको." मारुती हरखला. कुणाला न सांगता आरटीओत खेटे घालून त्याने लायसन नवं करून घेतलं आणि जत्रेसाठी शिवलेल्या शर्टाच्या खिशात ठेवलं.

सिंधुदुर्गातला तो विमानतळ म्हणजे माळावरची एक इमारत. कणकवलीच्या एसटी स्टँडवर याहून जास्त माणसं असतात. भाड्याच्या गाड्यांच्या टेबलामागच्या माणसाने विनीतचे कागद पाहिले. "अजून कोण चालवणार असेल तर त्यांचं पण लायसन द्या. नाव लावतो, त्याचे पैसे नाहीत."

मारुतीचा हात खिशाकडे गेला.

"नको, मीच चालवणार," विनीत म्हणाला. मग बापाच्या खांद्यावर हात ठेवून, "बाबा, तुम्ही जन्मभर चालवलीत. आता मागे बसून आराम करा."

इतक्या प्रेमाने तोंड बंद केलं की माणसाला भांडताही येत नाही. सून प्राची पुढे बसली. मागे मारुती प्रत्येक वळणावर पायाखालच्या मॅटवर ब्रेक दाबत राहिला. गावात शिरताच चुलतभाऊ भगवान म्हणाला, "काय रे मारुती, तू पाठी? माका वाटला, गाडी तूच घेवन येतलंस." मारुती हसला. दुसरं करणार काय?

एकदा अंगणातून गाडी वळवायची होती, तेव्हा त्याने चावीसाठी हात पुढे केला. "राहू द्या बाबा," विनीत म्हणाला, "माझ्या नावावर आहे. कुठे घासली तर मला भरावं लागेल." ज्याने साहेबाच्या गाडीवर कधी ओरखडा उठू दिला नव्हता, त्याने पोटच्या पोराकडून हे ऐकून घेतलं.

परतताना उशीर झाला. विमानतळाच्या दारात विनीतने चावी बापाच्या हातात कोंबली. "आम्ही सामान घेऊन लायनीत लागतो. तुम्ही तेवढी गाडी त्या पलीकडच्या आवारात देऊन या."

"कागदावर माझं नाव नाहीये."

"एवढ्याशाला कोण विचारतंय?"

मारुतीने सवयीने डिकी उघडून बॅगा उतरवल्या. प्राची "थँक्यू बाबा" म्हणाली आणि दोघं आत गेली. मालन मागेच बसून होती. मारुतीने पुढचं दार उघडलं.

"ये."

"अहो, एवढ्यासाठी कशाला?"

"ये म्हणतो ना."

ती पुढे येऊन बसली. पदर डोक्यावरून ओढून तिने केस झाकून घेतले आणि पाठ न टेकता ताठ बसली.

"टेक की नीट."

"राहू दे, बरी आहे मी."

समोर दिसणाऱ्या आवारापर्यंतचा रस्ता तो केवढा. मारुतीने गाडी जमेल तितकी हळू चालवली. जन्मभराची हौस त्या पार्किंगच्या एका फेरीत भागवायची होती, आणि ती भागली नाही. आवारातल्या माणसाने गाडीभोवती फिरून पाहिलं आणि तो खिडकीशी वाकला.

"काका, सही ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांचीच लागते. कुठे आहेत ते?"

माझा मुलगा आहे, असं म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांची जीभ आपल्या वळणाने गेली.

"साहेब आत गेलेत," मारुती म्हणाला. "बोलावतो."

मालनने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती खाली उतरली आणि जिथे तिचं डोकं टेकलंच नव्हतं, ती जागा पदराने पुसू लागली.