सागवानी डोकं

बोटाच्या पेरानं आपल्याच टकलावर दोनदा ठोकायचं, टक टक, आणि समोरच्याला विचारायचं, "आयकू आलं? सागवान हाय, सागवान. याले कायले पायजे हेल्मेट?"

समोरचा म्हणजे माझं गिऱ्हाईक, आणि हे सगळं चालायचं माझ्याच दुकानात! यवतमाळात दारव्हा रोडला माझं सीट कव्हरचं आणि हेल्मेटचं दुकान आहे. दाराशी एक बाक आहे. त्या बाकावर सकाळी चहाच्या वेळेला एसटीचे रिटायर ड्रायव्हर काकाजी येऊन बसायचे. मागच्याच गल्लीत घर. आख्खा मोहल्ला त्यांना काकाजी म्हणायचा, म्हणून मीही. गिऱ्हाइकानं हेल्मेट हातात घेतलं रे घेतलं, की बाकावरून आवाज आलाच.

"जिंदगीभर एसटी चालवली बापू. कोन्या साहेबानं मले हेल्मेट मांगतलं नाई."

"काकाजी, एसटीले छप्पर असते," मी म्हणायचो.

"मंग डोक्स्यालेबी देवानं छप्पर देल्लंच हाय ना!" की पुन्हा टक टक.

गिऱ्हाईक हसायचं, हेल्मेट जागेवर ठेवायचं आणि सीट कव्हर बघून निघून जायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. चहा तुमचा पितो, धंदाही तुमचाच बसवतो, आणि एक दिवस आला नाही तर तुम्हीच चारदा रस्त्यावर डोकावून पाहता.

काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक काकाजींजवळच राहायची आणि राळेगावला एका खासगी शाळेत शिकवायची, एसटीनं जाणं-येणं. जावई चंद्रपूरला नोकरीला, सुट्टीला यायचा. त्यांना मुलगी झाली आणि लेकीची सुट्टी संपल्यावर दिवसभर नात काकाजींच्या ताब्यात आली. बाक रिकामा पडला. हेल्मेटं खपायला लागली. मला मात्र करमेना. शेवटी दुपारी शटर अर्धं ओढून मीच त्यांच्या घरी जायला लागलो.

काय पाहावं! पाळण्याच्या एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला काकाजींची खुर्ची, आणि काकाजी खुर्चीत बसून एसटी चालवतायत. दोन्ही हातांत हवेतलं स्टिअरिंग, तोंडानं गिअर.

"चाला माय, बोरी अरब आलं. उतरनारे उतरा! ओ मावशी, बकरी खाली घ्या, सीटवर नाई चालत." आणि पाळण्यातली ती दीड वितीची सवारी भिंतीकडं ढुंकूनही न बघता काकाजींकडं टकामका बघत पडलेली. दिवसभर. दारव्हा आलं की गाडी परत फिरायची.

"पाय बे," ते मला म्हणायचे, "एक मिनिट नजर हलवत नाई. घरादारात मले असं कोनं पाह्यलं नाई आजलोक."

मग एका संध्याकाळी तेल लावताना लेकीच्या हाताला लागलं. डोकं मागून, उजव्या अंगानं चपटं झालं होतं. त्या बाजूचा कान जरासा पुढं आल्यासारखा. शेजारणी जमल्या. कुणी म्हणालं, राईची उशी करा. कुणी म्हणालं, केस आले की झाकून जाते. लेकीनं कुणाचं ऐकलं नाही, सरळ नागपूर गाठलं. काकाजी बरोबर गेलेच.

तिथल्या डॉक्टरांनी डोकं हातानं चाचपलं, मापं घेतली आणि विचारलं, "बाळ जास्त करून कुठल्या बाजूला बघतं?"

काकाजींनी छाती काढून सांगितलं, "माह्याकडं!"

डॉक्टर म्हणाले, "त्यामुळंच झालंय."

दुसऱ्या दिवशी लेक रजेवर होती, तेव्हा हे मला त्यांनी बाकावर बसून सांगितलं. म्हणाले, "माह्याकडं पाहू पाहू चपटी झाली रे पोरगी." मी हसलो, पण काकाजी हसत नव्हते. त्या दिवशी तीन गिऱ्हाइकं आली आणि तिन्ही हेल्मेट घेऊन गेली. बाकावरून एक शब्द आला नाही.

डॉक्टरांनी आधी साधंच सांगितलं होतं. जागी असताना पालथी घाला, मान दोन्हीकडं वळती करा, खुर्चीची बाजू बदला. पाळणा भिंतीपासून ओढला, खुर्ची पलीकडं गेली, एसटीचा रूट उलटा झाला. पण पोरीची मान सवयीची. काकाजी डावीकडून "उतरनारे उतरा" ओरडायचे आणि ती रिकाम्या उजवीकडं बघत राहायची. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, हेल्मेट करू. डोक्याचं हाड मऊ आहे तोवरच याचा उपयोग. दिवसाचे तेवीस तास घालायचं, एक तास आंघोळीला सुट्टी, असे काही महिने.

काकाजी नागपूरहून उतरले ते थेट माझ्या दुकानात.

"तुह्याजवळ यवढ्या साईजचं हाय का?" खिशातून सुतळी काढली. नातीच्या डोक्याभोवती धरून गाठ मारून आणली होती.

"काकाजी, असं गाडीचं हेल्मेट लहान लेकराले नाई चालत. ते वेगळं असते, डोक्स्याच्या मापानं बनवतात."

"पोट्टीजवळ गाडी नाई, लायसन नाई, दात नाई," ते म्हणाले, "अन् हेल्मेट! म्या जन्मभर घातलं नाई, त्याचा असा वचपा काढला देवानं." मग सुतळी जपून खिशात ठेवली.

हेल्मेट आलं. पांढरंशुभ्र, कानाला खिडक्या, हनुवटीखाली पट्टा. गल्लीत जत्रा! "गाडी शिकवून राह्यले का?" "कुठं पडली बिडली का?" एका आजीनं तर नव्या गाडीला बांधतात तसं लिंबू-मिरची हेल्मेटाला बांधायला आणलं. लेक चिडली. काकाजींनी मधला मार्ग काढला, लिंबू-मिरची स्वतःच्या गळ्यात घालून घेतली. दोन दिवस तसेच फिरले.

पण पोरीला ते सहन होईना. पट्टा ओढायची, डोकं आपटायची, आक्रोश करायची. लेक एकीकडं हेल्मेट घालायची आणि दुसरीकडं स्वतःच रडायची. "भाऊ, कधी वाटते काढून फेकून द्यावं," मला म्हणाली, "मंग मोठी झाली का मलेच विचारन, आई, माह्यं डोकं असं काहून."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच काकाजी हजर.

"एक हेल्मेट दे. माह्या मापाचं. काचवालं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "गाडीसाठी?"

"गाडीसाठी कायले? घरी घालाले!" मग बाकावर टेकले. "थे लेकरू एकटंच घालून राह्यलं बे. तिले वाटत असन, मले कायची शिक्षा देल्ली? चूक माही, अन् टोप तिच्या डोक्स्यावर. तिचं निघन तवा माहं निघन."

मी त्यांना लाल रंगाचं दिलं, सगळं तोंड झाकणारं. त्यांनी ते दुकानातच चढवलं, पट्टा लावला, काच वर केली आणि चालत घरी गेले.

आणि खरं सांगतो, पोर गप्प झाली! लाल गोळ्याकडं बघून आधी हबकली, मग हात पुढं केला. काकाजींनी डोकं खाली नेलं. तिनं त्यावर मूठ आपटली. आतून आवाज आला, "कोन हाय?" आणि काच उघडली. पोर खिदळली. काच बंद. पुन्हा मूठ, पुन्हा "कोन हाय?" तिचा पट्ट्यावरचा हात सुटला तो त्या दिवशी. पाळण्याच्या डाव्या अंगाला लाल हेल्मेट दिसलं की मानही आपोआप तिकडं वळायला लागली.

त्यानंतर काकाजींनी जे केलं ते कुठल्याच रीतीत बसणारं नव्हतं. तेवीस तास म्हणजे तेवीस तास. हेल्मेट घालून भाजी निवडायची, हेल्मेट घालून पेपर वाचायचा, काच वर करून वरण-भात खायचा आणि मिश्या पुसून काच खाली. झोपतानाही घालतात म्हणून लेक कपाळाला हात लावायची. बोरी अरबला पुतणीच्या लग्नात मुंडावळ्या बांधलेला नवरदेव सोडून सगळा मांडव यांनाच बघत होता. बँकेत पहारेकऱ्यानं अडवलं, "हेल्मेट काढा, आत चालत नाही." काकाजी म्हणाले, "डॉक्टरनं सांगतलं हाय." "तुम्हाला?" "माह्या नातीले." पहारेकरी आत विचारायला गेला. शेवटी मॅनेजर बाहेर आले आणि काकाजींचं काम दारातच करून दिलं.

पण सगळ्यात वर काय? त्यांची स्कूटर! संध्याकाळी लेक घरी येऊन नातीला आंघोळ घालायची, तो सुट्टीचा एक तास. तेवढ्यात काकाजी हेल्मेट काढायचे, घाम पुसायचे, घरी खुंटीला टांगायचे आणि उघड्या टकलानं भरधाव स्कूटर घेऊन माझ्या दुकानापुढून जायचे.

"काकाजी, हेल्मेट!" मी ओरडायचो.

"सुट्टी चालू हाय!"

त्यांना दोनदा दंड केलेला एक ट्रॅफिकवाला होता. दिवसा त्यानं त्यांना हेल्मेट घालून पायी जाताना पाहिलं, संध्याकाळी गाडीवर विनाहेल्मेट पाहिलं, आणि पुढं त्यांना अडवायचंच सोडून दिलं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्याकडं लेकरं लाकडी बैल सजवून चौकात आणतात, बक्षिसं असतात. काकाजींनी चाकाचा बैल आणला, दोरी नातीच्या मुठीत दिली, तिला कडेवर घेतलं. तिचं पांढरं हेल्मेट, यांचं लाल. दोघांच्याही हेल्मेटाला बेगड चिकटवलेली. परीक्षकांनी एक फेरी मारली आणि माईकवरून जाहीर केलं, "वेशभूषेत पहिला नंबर, चंद्रावर निघालेले आजोबा, नात आणि बैल!" लेक सांगायला धावली की हे सोंग नाही, औषधोपचार आहे. काकाजींनी तोवर स्टीलचा डबा घेतलासुद्धा. घरी जाताना मला म्हणाले, "बैलाले तेवढं घालाले पायजे होतं."

थंडी पडायच्या सुमाराला डॉक्टरांनी सांगितलं, पुष्कळ सुधारलं, आता काढा. लेकीनं गल्लीत पेढे वाटले. मी मुद्दाम दुकान बंद करून गेलो. काकाजींनी नातीला समोर बसवलं. आधी तिचं हेल्मेट निघालं. डोकं छान भरलं होतं, मी मागून हात फिरवून पाहिला. मग काकाजींनी स्वतःचा पट्टा सोडला, लाल हेल्मेट दोन्ही हातांनी वर उचललं आणि हसून म्हणाले, "घे माय, सुटलो आपुन दोघंबी!"

पोरीनं त्या टकलाकडं पाहिलं आणि किंकाळी फोडली. असला रडका सूर मी तिचा आधी कधी ऐकला नव्हता. आईच्या पदरात तोंड खुपसलं ते काढेचना. आजोबा म्हणून तिला ठाऊक होता तो लाल गोळा. हा कोण म्हातारा?

मला हसू फुटलं. लेकीलाही. काकाजी मात्र हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिले. "डोक्सं गोल झालं," हळूच म्हणाले, "पन आता पायत नाई ना बे माह्याकडं." माझं हसू तिथंच विरलं. फार वाईट वाटलं मला त्यांचं.

त्यांनी हेल्मेट पुन्हा चढवलं. पोर लगेच आली. टक टक. "कोन हाय?"

पुढं ते नवऱ्या मुलीसारखं थोडं थोडं तोंड दाखवत गेले. आधी नुसती काच वर. मग पट्टा सोडून हेल्मेट कपाळापर्यंत. मग क्षणभर पूर्ण काढून लगेच आत. बाकावर बसून मला रोजची हालहवाल सांगायचे, "आज कानापर्यंत झालं." ती पावलं टाकायला लागली तेव्हा कुठं एकदा त्यांच्या उघड्या टकलावर तिनं मूठ आपटली आणि वाट पाहत राहिली. काकाजींनी विचारलं, "कोन हाय?" आणि तिनं त्यांच्या डोळ्यांवर दोन्ही तळवे ठेवून काच बंद केली. त्या दिवशी काकाजींनी बाकावर बसून माझ्या दोन गिऱ्हाइकांना हेल्मेट घ्यायला लावलं! "घेऊन टाक बापू. लय कामाची चीज हाय." स्वतः मात्र उघड्या डोक्यानं स्कूटरवर बसून गेले.

उन्हाळा लागला आणि एका दुपारी काकाजी त्याच खुर्चीत गेले. नात पाळण्यात झोपली होती. शेजारीण ताक घेऊन गेली तर हात मांडीवर, मान नातीकडं वळलेली. बाकी काही नाही. लेकीनं लाल हेल्मेट त्यांच्याबरोबर दिलं नाही, नजरेसमोरही ठेववेना, म्हणून माळ्यावर टाकलं.

परवा लेक दुकानात आली होती. जावयानं गाडी घेतली, तिला सीट कव्हर हवं होतं. पोर कडेवर. मी दाराशी उभ्या गाडीच्या सीटचं माप घेत होतो. शेजारी एक अनोळखी माणूस हेल्मेट घालून पाहत होता. लालच, काचवालं. तो बाकावर टेकून आरशात बघत होता.

पोरीनं त्याला पाहिलं. कडेवरून वाकली, हात लांब केला आणि ठोकलं. टक टक.

आतून तो माणूस हसला असावा. त्याला काय ठाऊक? त्यानं गंमत म्हणून काच वर केली आणि विचारलं, "कोन हाय?"

लेकीच्या हातातलं सीट कव्हर खाली पडलं. माझी टेप हातातच राहिली. पोर त्या माणसाचं तोंड बघत होती. डोळे बघितले, नाक बघितलं, मिशी नव्हती तिथं जरा जास्त वेळ बघितलं. मग तिनं आपल्या हातानं त्याची काच हळूच खाली केली आणि भिंतीवर टांगलेल्या दुसऱ्या हेल्मेटाकडं ठोकायला हात लांब केला.