बासष्टवरून नऊ पॉइंट आठ

"इन्फ्लुएंझा आहे, आणि उजव्या फुप्फुसात थोडा न्यूमोनिया," हिंगणघाटच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा माझ्या बायकोने, सुमनने, माझ्याकडे असं पाहिलं की जणू आजार मीच आणला! तापाचा तिसरा दिवस होता.

बाईंनी रक्ताचा रिपोर्ट समजावला. सीआरपी म्हणजे शरीरातल्या सुजेचं माप. ते पाचच्या आत हवं, सुमनचं बासष्ट होतं. लिम्फोसाइट म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्या कमी झालेल्या.

"ऑक्सिजन पंच्याण्णव आहे, सध्या घरी राहू द्या. दोन दिवसांनी सीआरपी परत करा. वाढला किंवा धाप लागली तर थांबू नका."

आम्ही अल्लीपूरला परतलो. दोन दिवसांनी नेमका रविवार. नेहमीची लॅब बंद, म्हणून दुसरीकडे रक्त दिलं. दुपारी मोबाइलवर रिपोर्ट आला, सीआरपी ९.८. मी दुकानातच ओरडलो! पेढे आणले, शेजारीपाजारी वाटले.

सुमन खाटेवर बसून म्हणाली, "अवो, न्हाणीपर्यंत जाऊन आली त दम लागून राह्यला मले."

"अवं, अशक्तपणा हाय तो. रिपोर्ट पाय न, उतरला!" मी म्हटलं. आकडा हातात आला की माणूस समोरच्याचं ऐकत नाही.

सोमवारी सकाळी पेढ्यांचा डबा घेऊनच बाईंकडे गेलो. त्यांनी डब्याकडे पाहिलंच नाही. सुमनच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं, नव्वद. तिला आत ऑक्सिजनवर झोपवून त्या बाहेर आल्या आणि रिपोर्ट मागितला.

"काका, आकड्याच्या बाजूचं वाचलं का? पहिल्या लॅबचा आकडा लिटरमागे आहे. हा डेसिलिटरमागे, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागात. दहाने गुणा. अठ्ठ्याण्णव. वाढलाय."

माझा धान्याचा व्यापार. भाव किलोचा की क्विंटलचा, हे विचारल्याशिवाय तीस वर्षांत एक सौदा केला नाही. आणि बायकोच्या जिवाच्या वेळी नुसता आकडा पाहून पेढे वाटले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

त्याच दुपारी सुमनला वर्ध्याला भरती केलं. ऑक्सिजन, विषाणूवरचं औषध, पोटावर झोपवणं. डी-डायमर, म्हणजे रक्तात गुठळ्या होताहेत का याचा इशारा देणारी तपासणी, तीही थोडी वाढलेली. रोज सकाळी रक्त जायचं आणि मी बाकड्यावर बसायचो. तिथले डॉक्टर सांगायचे, "एका आकड्यावर जाऊ नका. तो कुठे चाललाय ते पाहा, आणि पेशंटचा श्वास पाहा."

तिसऱ्या दिवशी सीआरपी सत्तर. पाचव्या दिवशी तीस, युनिट तेच, मी दोनदा वाचलं. लिम्फोसाइट वर यायला लागल्या. आठव्या दिवशी ऑक्सिजनशिवाय पंच्याण्णव. त्या डॉक्टरांचे आणि आमच्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी असं आलं तर घाबरू नका. वेळेत गेलं तर माणूस बरा होतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. होता होईल तो एकाच लॅबमध्ये तपासा. आणि पेशंट दम लागतो म्हणाला की रिपोर्ट ठेवा बाजूला, आधी दवाखाना गाठा.

सुमनला युनिटची भानगड सांगायची माझी हिंमत होत नव्हती. सुटी झाली त्या दिवशी सगळं सांगितलं. एक अख्खी रात्र माझ्या शहाणपणात गेली, म्हटलं, आणि मला रडूच आलं.

चपला घालता घालता ती म्हणाली, "हे आयकाले मी हावो न इथं? मंग झालं त."