फडावर गेलेलं ग्रंथालय

त्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवून मी मोबाईल हातात घेतला, तर ग्रंथालयाच्या ग्रुपवर महानंदाचा मेसेज होता. त्यात नवल काहीच नव्हतं. त्या ग्रुपवर लिहायचा अधिकार फक्त तिचा. बाकी आम्ही सगळे, म्हणजे परळीतल्या आमच्या महाविद्यालयाचे आजी-माजी प्राध्यापक आणि पोरं-पोरी, निमूट वाचणारे. ‘नवे अंक आले आहेत’, ‘उद्या नळाला पाणी नाही, बाटली भरून आणा’, ‘खिडकीत डबा कोण विसरलं’, असलं काहीबाही ती रोज लिहायची. आज तिच्या नावाखाली लिहिलं होतं : ‘ग्रंथपाल महानंदा शेटे आज पहाटे लिंगैक्य झाल्या.’ मला आधी रागच आला. मरणाची असली थट्टा करतात का कुणी, असं विचारायला मी तिलाच फोन लावला आणि पलीकडून तिच्या भाच्याचा आवाज आला. मावशीच्या फोनवरून कळवलं की सगळ्यांना एकदम कळेल, असं त्याला वाटलं होतं. चुकीचं काहीच नव्हतं त्यात... चहा मात्र उतू गेला आणि मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले.

महानंदा माझ्याहून बरीच लहान. मी प्राणीशास्त्र शिकवायचे, ती नंतर ग्रंथपाल म्हणून आली. बाजारपेठेत तिच्या वडिलांचं, अप्पांचं किराणा दुकान होतं आणि ती वाढली तिथेच, गल्ल्यामागच्या पोत्यांवर बसून. आमचं ग्रंथालय तेव्हा तुरुंगासारखं होतं. मधे तारेची जाळी, जाळीपलीकडे कुलपातली कपाटं. चिठ्ठी आत सरकवायची आणि ‘पुस्तक बाहेर गेलंय’ हे उत्तर ऐकून घरी जायचं. आल्या आल्या तिनं ती जाळी काढायला लावली. पुस्तकं चोरीला जातील, असं प्राचार्य म्हणाले, तर ही म्हणते, “सर, मालाला हातच लावू दिला न्हाई तर गिऱ्हाईक घेईल कसं?” वाचकांना ती शेवटपर्यंत गिऱ्हाईकच म्हणायची. काही प्राध्यापकांना ते खटकायचं, मला मात्र भारी आवडायचं. चार पुस्तकं गेलीही चोरीला. ‘वाचायलाच नेली असतील,’ म्हणून तिनं विषय संपवला.

पुढे अनुदान आलं आणि संगणक आले. आमच्याकडे वारा फिरला की औष्णिक वीज केंद्राची राख खिडक्यांच्या फटींतून आत येते, म्हणून संगणकांना लगेच जाड कापडाची झाकणं शिवून आणली. दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा झाली. झाकणं काही निघाली नाहीत. परदेशी नियतकालिकं वाचायची सोय पैसे भरून घेतली होती, तिचा पासवर्ड प्राचार्यांच्या कपाटात. काही महिने हे बघून महानंदानं झाकणांची फडकी केली, त्याच फडक्यांनी टेबलं पुसली आणि पासवर्ड फळ्यावर लिहून टाकला. पोरं आली, निकाल बघून गेली, हॉलतिकिटं काढून गेली. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि तेवढीही यायची बंद झाली. वाचनकक्ष ओस पडला. भरदुपारी त्या लांबलचक खोलीत पंखे आणि महानंदा, दोघंच असायची.

आणि एक दिवस प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. सगळं आता मोबाईलवर मिळतं, एवढी मोठी खोली रिकामी ठेवणं परवडत नाही, मधे लाकडी भिंत घालून अर्धी खोली परीक्षा विभागाला देऊ, असं त्यांनी सांगितलं. माणूस वाईट नव्हता आणि जागेची अडचण खरी होती. महानंदा एवढंच म्हणाली, “एक वर्ष द्या सर. पुढल्या साली खोली रिकामी दिसली तर मीच सुतार घेऊन येते.” स्टाफरूममध्ये ती थेट माझ्या टेबलापाशी आली. मला म्हणाली, “ताई, अर्धी गेली की उरलेली जायला कितीक दिवस लागतात? दुकानात गिऱ्हाईक यायचं थांबलं की अप्पा दुकानाला शिव्या देत न्हवते. गिऱ्हाइकाचं काय बदललं ते बघायला जायचे.” मग ती कँटीनमध्ये जाऊन बसायला लागली. पोरं फोनवर काय बघतात, काय शोधतात, कुठे कंटाळतात, ते चहा पीत बघायची. तिला हेर समजून पोरांनी टेबलं बदलली.

उत्तर कँटीनमध्ये नव्हतं. ते दिवाळीनंतर आपल्या पायांनी चालत आलं. आमच्या भागात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वर्ग निम्मे रिकामे होतात. पोरं आईबापांबरोबर फडावर जातात आणि थेट परीक्षेच्या तोंडावर उगवतात. ग्रंथालयाचा जुना रिवाज असा, की जाणाऱ्यानं पुस्तकं आणि कार्ड जमा करून जायचं, कारण उसात गेलेलं पुस्तक परत येत नाही. त्या वर्षी धारूरच्या डोंगरातली संगीता नावाची मुलगी कार्ड ठेवायला आली आणि उभीच राहिली. महानंदानं विचारलं, तर म्हणाली, “मॅडम, पुस्तक नका देऊ. पर फोनमधी कायतरी भरून द्या की. तिथं रेंज न्हाई, कायच लागत न्हाई.” महानंदानं तिच्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी तिच्या डोक्यात काय आलं ते मला लगेच कळलं आणि आता आपली सुटका नाही, हेही कळलं.

नखाएवढी मेमरी कार्डं तिनं आणली. प्रत्येकाला पुस्तकासारखा नंबर दिला, प्लास्टिकच्या डबीवर ग्रंथालयाचा शिक्का मारला आणि पुस्तकासारखीच ती रीतसर वाचकाच्या नावावर चढवली. आत भरायचं काय, हा प्रश्न होता. पुस्तकांचे फोटो काढून वाटायला ती तयार नव्हती. “दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवायचा न्हाई,” हे तिचं ठरलेलं. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका, ज्यांच्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही अशी पुस्तकं आणि आम्ही. म्हणजे आमच्या टिपणांच्या प्रती आणि आमचा आवाज. एकेका प्राध्यापकाला गाठून तिनं अभ्यासक्रम बोलून घेतला. कुणी आढेवेढे घेतले की त्याच्या घरी जाऊन बसायची. मी माझे तास स्वयंपाकघरात रेकॉर्ड केले, कारण आमच्या घरात दुसरीकडे शांतता नसते. मागे डाळ शिजत असायची. चांगला तासाभराचा एकेक भाग मी मन लावून केला आणि स्वतःवर खूष झाले.

डिसेंबर गेला, संक्रांत झाली, कुणाचा काही निरोप नाही. महानंदाला चैन पडेना. “माल दिला, आवडला का न्हाई ते कळंना,” म्हणत तिनं माझी पिशवी भरायला लावली आणि एसटी, मग जीप, असं करत आम्ही कोल्हापूरकडे संगीताच्या टोळीवर जाऊन धडकलो. दुपारची भाकरी चालली होती. फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावलेला. आम्ही कोण ते कळल्यावर संगीताच्या आईनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “तुमीच का त्या कुकरवाल्या बाई?”

मला काही कळेना. ती म्हणाली, “बेडकाच्या काळजाला तीन खोल्या हायत म्हणलात, अन् शिट्टी झाली. मग कशापायी उठून गेलात वो? तिसऱ्या खोलीत काय हाय ते ऱ्हायलंच.”

दुसरी एक बाई म्हणाली, “आमाला ऱ्हायला मेली एकच कोपी. अन् बेडकाला तीन खोल्या.” सगळ्या खदखदून हसल्या. महानंदा तर तोंडाला पदर लावून उसाच्या पाचटात बसली. अख्खी टोळी माझे तास ऐकत होती. तोडताना कोयत्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून भाकरी खाताना फोन मधे ठेवायचा. पण तासाचा भाग कधीच पुरा व्हायचा नाही. उठायची वेळ व्हायची, नाहीतर बॅटरी संपायची, आणि पुढच्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. संगीता हळूच म्हणाली, “मॅडम, मला पहिली पंधरा मिनिटं तोंडपाठ हायत. म्होरलं कायच म्हाईत न्हाई.” बेडकाच्या काळजाची तिसरी खोली मी तिथेच पाचट सारून मातीत बोटानं काढून दाखवली. त्या बायांनी विचारलेले प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारले नव्हते, कारण माझ्या वर्गात सगळ्यांना मला घाबरायची सवय होती.

परतीच्या जीपमध्ये महानंदा झपाटल्यासारखी बोलत होती. त्या दिवसापासून आमच्याकडे नवं माप आलं. एक भाकरी खाऊन होईस्तोवर जेवढं सांगता येईल, तेवढाच एक भाग. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला विषय साध्या बोलीत सांगायचा, म्हणजे शेजारी बसलेल्या आईलाही धागा लागेल. इतिहासाच्या एका सरांनी हे थट्टेवारी नेलं, तेव्हा तिनं डब्यातली भाकरी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “खा सर, खाता खाता मी ऐकते तुमचं पानिपत.” सरांची भाकरी संपली तेव्हा सैन्य अजून छावणीतून हललं नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं पुन्हा रेकॉर्डिंग केलं. सगळे भाग नव्यानं करून तिनं ते टोळ्यांच्या मुकादमांच्या हाती पाठवले आणि उरलेला हंगाम वाट बघत काढला.

वर्ष संपत आलं तसा तिच्या जिवाला घोर लागला. खोली रिकामीच होती. सुताराचं बोलणं झालं होतं, लाकूडही येऊन पडलं होतं. आणि मग टोळ्या परतल्या. पोरं डब्या जमा करायला आली आणि जाईनात. जे कानांनी ऐकलं होतं ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. तो बेडूक, तो नकाशा, ते समीकरण कागदावर कसं दिसतं ते. संगीता दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना घेऊन आली. घरात अभ्यासाला जागा नाही, इथे पंखा आहे, थंड पाणी आहे आणि कुणी ऊठ म्हणत नाही, हे गावोगाव कळलं. फोन घेऊनच यायची पोरं, फोनवर ऐकायची आणि पुढ्यात पुस्तक उघडून ठेवायची. सुताराला घेऊन प्राचार्य माप घ्यायला आले तेव्हा त्यांना टेप धरायला जागा मिळेना. मग दारातूनच सुताराला म्हणाले, “या लाकडाची बाकं करा.” महानंदा त्या दिवशी माझ्या घरी येऊन पोटभर रडली आणि मग पोटभर जेवली.

तिची जीभ तिखट होती, हेही लिहायला हवं. तिला हार घातलेला आवडत नसे आणि वाचनकक्षात कुणी बोललेलं तर अजिबात खपत नसे. आम्ही दोघी आठवडा-आठवडा अबोला धरायचो आणि सोमवारी वैजनाथाच्या पायऱ्यांवर भेट झाली की काही झालंच नाही असं बोलायला लागायचो. मी निवृत्त झाले तरी तिच्याकडे चक्कर असायची. शेवटची भेट झाली तेव्हा ती नव्या खेळात गुंतली होती. पोरं आता फोनवर एआयच्या मशीनला प्रश्न विचारतात आणि ते झरझर उत्तरं लिहून देतं. मी म्हटलं, आता तुझं दुकान खरंच बंद होणार. ती हसली. “उलट सुगी हाय ताई. मी म्हणते, इचारा त्याला, पर हे कुठल्या पुस्तकात हाय तेबी इचारा. अन् मग ते पुस्तक कपाटात हाय का बघा.” दोन मुली खरोखरच कपाटापाशी एका पुस्तकाचा शोध घेत होत्या. तसं पुस्तक कुणी लिहिलेलंच नव्हतं. मशीनला खोटं पाडल्याच्या आनंदात त्या त्याच विषयावरची दोन खरी पुस्तकं घेऊन गेल्या. त्या जाताना महानंदाचा चेहरा बघायला हवा होता... पंधरा दिवसांत ती जाईल, असं त्या चेहऱ्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मला तिचा अजून राग येतो, न सांगता गेली म्हणून.

लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली. नंतर महाविद्यालयात शोकसभा ठरली. वाचनकक्षातच घ्यावी, असं सगळ्यांचं मत, तिची खोली ती. आम्ही जमलो तेव्हा प्राचार्य आत डोकावले आणि परत आले. “जागा नाही,” म्हणाले. परीक्षा तोंडावर आलेली, फडावरून परतलेली पोरं भिंतीपर्यंत बसली होती. त्यांना उठा म्हणायची हिंमत कुणालाच झाली नाही. शेवटी बाहेर कडुलिंबाच्या सावलीत सतरंज्या टाकल्या, माईक लावला, तिचा फोटो खुर्चीवर ठेवला. प्राचार्यांनी बोलायला सुरुवात केली. भोंग्यातून त्यांचा आवाज भिंतींवर आदळत होता. एवढ्यात वाचनकक्षातून एक मुलगी बाहेर आली. मी तिला ओळखत नव्हते. फोटोला तिनं हात जोडले, मग प्राचार्यांजवळ जाऊन अगदी अदबीनं म्हणाली, “सर, आवाज जरा कमी करता का? आत अभ्यास चालू हाय.”

प्राचार्यांनी माईक बंद केला. त्यानंतर महानंदाविषयी आम्ही जे काही बोललो, ते सगळं कुजबुजतच बोललो.