चंदाच्या वहीतले पाच शब्द

इंग्रजी शब्द वाचून मी एका भल्या माणसाला जमिनीवर पाडले आहे.

झालं असं. आमच्या अनसिंगच्या बचत गटाची अध्यक्ष म्हणजे माझी बायको, चंदा. (शिक्षण सातवी, हिंमत एम.ए.!) गटाची हळद पाहायला चेन्नईहून एक साहेब येणार होते. त्यांना ना मराठी येत होती, ना हिंदी. म्हणून चंदा महिनाभर भाकरी थापता थापता रोज पाच इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करत होती.

मी दहावी पास. बायकोच्या मागं कसा राहणार? साहेब यायच्या दिवशी सकाळी मी तिच्या वहीतले पाच शब्द गुपचूप चिठ्ठीवर उतरवले. अर्थ लिहिताना घाईत पहिलाच गाळला आणि बाकीचे सगळे एकेक ओळ वर सरकले! 'अबॅन्डन्ड' म्हणजे टाकून दिलेलं. माझ्या चिठ्ठीत त्याच्यापुढं आलं 'भरपूर'.

साहेब आले तेव्हा चंदा आत चहा ठेवत होती. मी पुढं झालो.

"वेलकम सर! अवर हळद इज अबॅन्डन्ड!"

साहेबांनी पोत्यांकडे संशयानं पाहिलं. मला वाटलं, भारावले! आता त्यांना उदार म्हणावं. चिठ्ठीत 'उदार'समोर हट्टीचा शब्द बसला होता.

"यू आर व्हेरी स्टबर्न, सर!"

साहेब खुर्चीकडे वळले. नेमकी ती खुर्ची एका पायानं अधू! सावध करणं माझं कर्तव्य होतं. मी 'नाजूक'समोरचा शब्द वाचला.

"सर, चेअर इज जनरस!"

खुर्ची उदार आहे म्हटल्यावर साहेब ऐसपैस बसले. कडाड्! साहेब खाली, पाय वर, टोपी कोंबड्यांत.

चंदा धावत आली.

"अवं माय! काय सांगून राह्यले तुमी त्यायले?"

"तुह्या वहीतलंच सांगितलं ना!"

तिनं माझ्या हातातली चिठ्ठी ओढली, एकदा पाहिली, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"सॉरी सर! चेअर इज फ्रजाइल. हळद इज अबन्डन्ट. यू आर जनरस. ओन्ली माय हजबंड इज स्टबर्न!"

एक शब्द चुकला नाही! साहेब बसल्या जागीच पोट धरून हसले. मग सतरंजी आली, चहा आला, आणि तिथंच मांडी घालून साऱ्या हळदीचा सौदा ठरला. माझी छाती इतकी फुगली, की सदऱ्याचं बटन तुटलं.

आता मानोऱ्याकडच्या बायका चंदाचा सल्ला घ्यायला येतात आणि दारात मला विचारतात, "मॅडमचे मालक तुमीच काय जी?"

मी मान ताठ करून सांगतो, "येस!"

एवढ्या एका शब्दाचा अर्थ मला पक्का ठाऊक आहे. (तरी चंदाकडून तपासून घेतलाय.)